चौकटीखालची लाल रेषा

साखरपुड्याच्या सकाळी कौस्तुभच्या भावना मोजणाऱ्या मनगटपट्टीचा वर्षभराचा आलेख मुलीच्या घरच्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर लावला. हल्ली पत्रिकेआधी हाच बघतात. निळी रेषा आनंदाची, हिरवी मायेची, लाल रागाची, करडी भीतीची. लाल रेषा इतकी गरीब, की शकूआत्या म्हणाली, "हा नवरामुलगा आहे की तुळशीवृंदावन?"

नवरीमुलगी मृण्मयी हसली नाही. कोणता रंग कशाचा हे सांगणारी चौकट ऐन दिवाळीच्या महिन्यावर बसली होती. यंत्र ती आपसूक रिकाम्या कोपऱ्यात ठेवतं; रेषेवर बसवायला माणूस लागतो. शिवाय ती फिकट पिवळी रंगछटा, ते गोल कोपरे! बाबा वर्तमानपत्रासाठी आलेख मांडायचे, ते असेच. "रेषेवर चौकट म्हणजे वाचकाशी लबाडी," हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं.

तिने चौकट बाजूला ओढली. खालची लाल रेषा पार छताला टेकली होती, तीही चार-चारदा.

"काल कौस्तुभकडून आला तेव्हा हा आलेख उघडाच होता ना, बाबा?"

"अगं, स्थळ चांगलं आहे. सणासुदीला कोण चिडत नाही? मी जरा नीटनेटकं मांडलं, इतकंच."

"त्यानं काही लपवलं नाही. लपवलंत तुम्ही."

तिने बाबांचीच मनगटपट्टी भिंतीवरच्या पडद्याला जोडली. काल संध्याकाळभर, कौस्तुभचा तो राग बघून झाकतानाही, त्यांची भीतीची रेषा निवांत झोपली होती. उठून बसली ती आत्ता, सापडल्यावर.