एकोणतीस नंबरचे बूट

व्हिएन्नातल्या त्या जुन्या, महागड्या हॉटेलात पाहुणे बूट दाराबाहेर ठेवत आणि ते पॉलिशसाठी तळघरात येत. अदलाबदल नको म्हणून दरवान पोल्डी तळव्यावर खडूने खोलीचा नंबर लिही. तळघरात बूट पॉलिश करणारा फेर्डिनांड तो बघून प्रत्येक जोड परत जागेवर नेऊन ठेवी. चाळीस वर्षांत त्याच्याकडून एकदाही चूक झाली नव्हती, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

सोमवारी एका काळ्या जोडावर २९ निघाला. हॉटेलात खोल्या अठ्ठावीसच.

"सकाळीच ढोसली वाटतं पोल्डीनं," असं पुटपुटत त्याने बूट चमकवले आणि अठ्ठावीसच्या पुढे, कोऱ्या भिंतीपाशी ठेवून दिले. दुपारी बघतो तर ते कुणीतरी नेलेले.

गुरुवारी खोल्या आवरणारी रेझी धापा टाकत खाली आली. "फेर्डीकाका, पोल्डीमामांचा सोमवारपासून पत्ता नाही हो! नेहमीचे काळे बूट घालून घरून निघाले, ते निघालेच."

"काहीतरीच! मग हे नंबर कोण लिहितंय? अक्षर त्याचंच आहे की."

बोलता बोलता त्याने पुढचा जोड उचलला. तपकिरी, डाव्या टाचेला तीन खिळे. ते खिळे त्याने स्वतःच्या हातांनी ठोकले होते. तळव्यावर २९ होता. आत हात घातला तर बूट अजून उबदार होते.

"काका," रेझी खाली बघत म्हणाली, "एवढ्या गार फरशीवर नुसते मोजे घालून का उभे आहात?"