आधी शिडी की जावई?

एका विनोदवीराच्या रविवारच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत एक आजोबा यायचे आणि तासभर मख्ख बसायचे. सगळं सभागृह हसून लोटपोट व्हायचं, पण यांच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नसे. विनोदवीराने मनाशी ठरवलं, महिनाअखेरपर्यंत हा माणूस हसला नाही, तर आपण गाशा गुंडाळायचा.

शेवटच्या रविवारी त्या खुर्चीत एक बाई होती. चेहरा मात्र तोच. प्रयोग संपल्यावर त्याने तिला गाठलंच.

"ताई, तुमच्या घरात हसायला बंदी आहे का?"

"बाबा मागच्या आठवड्यात गेले," ती म्हणाली. "आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलीय. घरी जाऊन ते तिला अख्खा प्रयोग करून दाखवायचे. इथे हसलो की पुढचं विसरतो, म्हणायचे."

विनोदवीर शेजारच्या खुर्चीत टेकला.

"आज आईनेच पाठवलं. मीही हसू आवरलं, तरी एका जागी घोटाळा झालाच. आधी शिडी पडते की जावई?"

"जावई," तो गंभीरपणे म्हणाला. "शिडी मागून, सावकाश. आणि आईंना सांगा, पुढच्या रविवारी सासूबाईही पडणार आहेत."