गार

तात्याबानं भंगारातल्या मोटारीचं इंजिन घरी जोडलेल्या गाडीला बसवलं, पण दोन कोसांतच ते उकळायचं. पाच शेळ्या सिरसाळ्याच्या बाजाराला न्यायच्या, तर एवढ्यानं भागणार नव्हतं. परवा त्यानं इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट घमेल्यात सोडलं आणि मोठा रेडिएटर जोडला. आज रिकामी गाडी घेऊन सिरसाळ्याला जाऊन आला तो ओरडतच, "अगं ए, काटा लालवर गेलाच न्हाई! इंजिन गार हाय!"

त्याची बायको चतुराबाई गोठ्यातून उठली नाही.

"घमेल्यातलं ते हिरवं पाणी गोड व्हतं का वो?"

"कावून?"

"पाची शेळ्यांनी चाटून पुसून पिलं. सकाळपासून एकेक गार पडायली."