आठव्या महिन्यातली

शीड चढलं होतं, तरी चंद्राबाई सुनेच्या हातातलं बोचकं सोडीना.

"आठव्याचं जगत न्हाय," ती म्हणाली. "सातव्याचं जगतं, नवव्याचं जगतं. आठव्याचं न्हाय. आन् ती डाक्तरीण मुद्दाम आठव्यात मोकळी करायची म्हणते!"

केसर दिघीच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती. पोट इतकं मोठं, की बघणाऱ्याने दिवस भरलेत असंच म्हणावं. तिचा नवरा गुणाजी होडीत सुकाणूपाशी बसला होता. तो आईला वाऱ्याकडे बोट दाखवून घाई करत होता.

"आत्याबाय," केसर म्हणाली, "माजी दोन्ही पुऱ्या दिवसांची व्हती. दोन्ही मेलेली जन्मली. आता अपुऱ्या दिवसांचं बघू द्या."

चंद्राबाईने बोचकं सोडलं नाहीच. ते घेऊन ती स्वतःच होडीत चढून बसली.

ती दोन्ही मुलं भलतीच मोठी होती. दुसऱ्याच्या वेळी तर खांदे अडकले आणि सुईणीची शर्थ झाली. एवढी गुटगुटीत मुलं निपचित का निघावीत, ते कोळीवाड्यात कुणाला कळेना. कुणी नजर म्हणालं, कुणी केसरचा पायगुण. केसरलाही ते पटत चाललं होतं. मग तिला विलक्षण तहान लागू लागली. पाण्याचा तांब्या तिच्या हातून सुटेना, पायांत त्राण राहीना, आणि मोरीत तिच्या लघवीला मुंग्यांची रांग लागू लागली. गुणाजीने तिला अलिबागेला डॉक्टर नीराबाईंच्या इस्पितळात नेलं.

"मधुमेह आहे," नीराबाई म्हणाल्या. "आजचा नाही. दोन्ही मुलं पोटात होती, त्याच्या आधीपासूनचा असणार. मुलं बहुधा त्यानेच गेली."

"म्हणजे माज्या पायगुणानं न्हाय?" केसरने विचारलं.

"आजाराला कसला पायगुण?"

केसर तिथेच भिंतीला टेकून रडली. त्या दिवसापासून तिने गूळ सोडला, पेज सोडली, भात मुठीएवढा केला. इन्शुलिनची सुई ती स्वतःच मांडीत टोचून घ्यायला शिकली. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायची. पुन्हा दिवस गेले तेव्हा नीराबाईंनी स्पष्ट सांगितलं, या आजारात मूल पुष्कळदा शेवटच्या दिवसांतच पोटात दगावतं. तेव्हा आठवा सरत आला की या, ते दिवस आपण येऊच द्यायचे नाहीत.

अलिबागेला पोचल्यावर नीराबाईंनी औषध देऊन कळा आणवल्या. सकाळी उन्हं वर आली आणि मुलगी झाली. रडली. ते रडणं ऐकून गुणाजी बाहेरून दाराशी धावला.

मुलगी गोल चेहऱ्याची, लालबुंद, खांद्यांवर मांस असलेली. चंद्राबाईने तिला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"ही कसली आठव्याची? ही तर भरल्या दिवसांची दिसते!"

नीराबाई हसल्या नाहीत. "दिसायला मोठी आहे, आतून कच्चीच आहे. आईच्या रक्तातल्या साखरेवर ही वाढली. नाळ तुटली, ती साखर बंद झाली. पण हिचं अंग अजून तेवढीच साखर जाळतंय. आता हिच्या पोटात काही गेलं नाही, तर ही हातची जाईल."

त्या बोलत होत्या तोवरच मुलीचे हात थरथरू लागले. मग ती ढिली पडली. ओठ निळसर झाले. केसरला अजून दूध उतरलं नव्हतं आणि मुलीला चोखायची ताकद नव्हती. नीराबाईंनी साखरेचं पाणी केलं आणि चमच्याच्या टोकाने एक थेंब तिच्या जिभेवर सोडला. घशाखाली उतरायची वाट पाहिली. मग दुसरा. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून दुसऱ्या बाळंतिणीसाठी हाक आली.

चंद्राबाईने न विचारता त्यांच्या हातातला चमचा घेतला.

दुपार झाली. गुणाजी जेवण घेऊन आला, तिने बघितलंही नाही. नीराबाईंनी दाईला पाठवलं, तिने दाईला परत धाडलं. थेंब सोडायचा, गळ्याची हालचाल बघायची, तळपायावर बोटाने टिचकी मारायची, पुन्हा थेंब सोडायचा. पाठ वाकली होती, पण हात जराही हलत नव्हता. मध्येच एकदा मुलीने डोळे फिरवले. चंद्राबाई तिच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत राहिली, थेंब मात्र थांबला नाही.

ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा मुलगी कुरकुरली. मग हात झाडले. मग अशी ओरडली, की नीराबाई पलीकडून धावत आल्या. त्यांनी तिला केसरच्या छातीशी लावलं. थोडं चिकाचं दूध आलं आणि मुलगी ओढू लागली.

"आता उतरली धोक्यातून," नीराबाई म्हणाल्या, आणि बातमी सांगायला गुणाजीकडे गेल्या.

चंद्राबाई तिथेच बसून राहिली. चमचा अजून हातात होता.

"आत्याबाय, जरा पडा आता," केसर म्हणाली. "तुमी तर म्हणत व्हता, ही जगायची न्हाय. मग दिसभर न जेवता कशाला बसलात?"

चंद्राबाईने मुलीच्या ओठांच्या कडेला आलेलं दूध पदराने टिपलं.

"गुणाजीच्या आधी मला एक मुलगी झाली व्हती. आठव्यातच," ती म्हणाली. "चांगली रडत व्हती. मला दूध बी आलं व्हतं. पन ही कुठं जगायची म्हणून मला तिला पाजूच दिलं न्हाय कुनी."