एकतीस वेळा गेलेली लाईट

“बाई, या महिन्यात तुमच्या गावची लाईट एकतीस वेळा गेली,” संघप्रिया म्हणाली.

मनकर्णाबाईने सुपातले तांदूळ पाखडता पाखडता वर पाहिलं. ओसरीवरचा पंखा गरगर फिरत होता.

“गेली असन,” ती म्हणाली.

“एकदाही नाई गेली. लाईनमन लटारूभाऊ दरवेळी येऊन पाहून गेले. पंखे सुरू, बल्ब सुरू. वरून तुम्ही त्याइले तासभर घरात बसवून चहा पाजता, उठूच देत नाई म्हणे. काल त्याइनं फोन करून मलेच झापलं.”

“चहा पाजला त्याचंबी वाईट वाटलं का त्याले?”

मोहर्लीच्या पुढचं, रानाला लागून असलेलं हे साठ घरांचं गाव. ‘गावसोबती’ अ‍ॅप इथल्या फोनांत संघप्रियानेच घरोघरी फिरून टाकून दिलं होतं. काम साधं. एकाने बटण दाबलं की साऱ्या गावाच्या फोनवर मेसेज जायचा. बटणं चार: नळ आला, रेशन आलं, लाईट गेली आणि वाघ दिसला. लाईटचा मेसेज लाईनमनलाही जायचा. वाघाचं बटण मात्र संघप्रियाच्या हट्टाचं. तिच्या आत्याला वाघाने नेलं, त्या सकाळी तो गावात दोघांना दिसला होता. आत्यापर्यंत ते पोचलं नाही. म्हणून चंद्रपूरच्या ऑफिसात तीन मीटिंगा भांडून तिने ते बटण घालून घेतलं होतं.

महिन्यापूर्वी तिनेच अ‍ॅपमध्ये ट्रॅकिंग बसवलं. कोण केव्हा अ‍ॅप उघडतो, कुठे थांबतो, काय दाबतो, सगळं चंद्रपुरात बसून दिसू लागलं. या गावाचा रोज रिपोर्ट येऊ लागला: लाईटचा आकडा एकतीसपर्यंत चढला, वाघ शून्य. माणसं वाघाच्या बटणापर्यंत यायची, दोन सेकंद थांबायची आणि मागे फिरायची. बटण नजरेत भरत नसेल, असं संघप्रियाला वाटलं. तिने ते मोठं केलं. मग लाल केलं. तरी शून्यच. ते दाबलं की तिच्या साहेबांचा, प्रवीण सरांचा रेकॉर्ड केलेला आवाज “वाघ! वाघ! वाघ!” असा ओरडायचा. तिने तो आवाजही दुप्पट केला.

शेवटी प्रवीण सरांनी निकाल दिला. वाघाचं बटण कोणी वापरत नाही, ते काढायचं. आणि हे गाव खोटे मेसेज पाठवतं, म्हणून याचं लाईटचं बटणही बंद करायचं. आज पाच वाजेपर्यंत. संघप्रियाने कशीबशी एक दुपार मागून घेतली आणि स्कूटी काढली.

“खरं सांगा बाई,” ती आता काकुळतीला आली होती. “इथी वाघ दिसतच नाई का?”

सूप थांबलं. मनकर्णाबाईने आधी गावामागच्या तलावाकडे, बोडीकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

“हळू बोल, पोरी. दिसते ना. परवाच बोडीच्या पाळीवर बसून होता.”

“मग लाल बटण काऊन नाई दाबलं कोणी?”

“ते बोंबलते ना वं! तूच तर ऐकवलं होतं. रानाच्या कडेले राह्यतो आम्ही. त्याचं नाव घेत नाई. नाव घेतलं का येते तो. अन् तुहा मोबाईल तर तीन-तीनदा हाका मारते त्याले.”

संघप्रियाने कपाळावर हात मारून घेतला. तिची आत्यासुद्धा नुसतं ‘तो’ म्हणायची. बटणाचा आकार झाला, रंग झाला, आवाज झाला, आणि घरची एवढीशी गोष्ट अ‍ॅपवाल्या बाईसाहेबांना आठवली नव्हती.

“आवाज काढून टाकतो मी,” ती म्हणाली. “पण लाईटचं बटण बंदच करा लागन. सारेच उगाच दाबून राह्यले. उद्या खरंच लाईट गेली तर?”

“खरंच गेली तर दिसतेच ना. त्याच्यासाठी मोबाईल कायले पायजे?”

संघप्रियाने घड्याळ पाहिलं. पाचला पाच मिनिटं कमी होती. तिने मांडीवर लॅपटॉप उघडला, गावाचं नाव शोधलं आणि ‘बंद करा’वर बाण नेला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मनकर्णाबाईचाही वाजला. शेजारी वाजला, समोरच्या घरात वाजला. मेसेज एकच होता: लाईट गेली. पाठवणारा गावातलाच मुखरू. ठिकाण, बोडीची पाळ.

बोडीच्या पाळीवर विजेचा एकही खांब नव्हता.

मनकर्णाबाई उठली. अंगणातली बकरी सोडून आत घेतली, दोन्ही नातवंडांना हाताला धरून आत ढकललं. धान कापून येणाऱ्या बाया विळे घेऊन वाटेतल्या पहिल्याच घरात शिरल्या. समोरची दारं लागली. कोणी ओरडलं नाही, कोणी विचारलं नाही. अर्ध्या मिनिटात गल्ली रिकामी झाली. मनकर्णाबाईने संघप्रियालाही दंडाला धरून लॅपटॉपसकट आत ओढलं आणि कडी लावली.

एकतीस वेळा हे असंच झालं होतं. आणि एकतीस वेळा गावातलं प्रत्येक माणूस घरी होतं. चहा पीत बसवलेल्या लटारूभाऊंसकट. संघप्रियाचे डोळे भरून आले. तिला आत्या आठवली, आणि थोडं हसूही आलं.

पाच वाजले. प्रवीण सरांचा फोन आला.

“केलंस का बंद?”

दाराच्या फटीतून बोडीकडची वाट दिसत होती. डोक्यावर घरातला पंखा जोरात फिरत होता. संघप्रियाने लॅपटॉप मिटला.

“नाई सर,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “इथी आताच लाईट गेली.”