कोरा चहा

डब्लिनमधल्या आमच्या दोनशे वर्षांच्या घरात आम्ही अकरा बिऱ्हाडं राहायचो. ते पाडायला टपलेल्या मालकानं आपला इंजिनिअर पाठवला.

"वरच्या दिवाणखान्याच्या तुळया कुजल्यात. बारा माणसं चढली तरी हे छत खाली येईल," तो म्हणाला.

"असेल हो. आधी चहा घ्या," म्हणत खालच्या बिऱ्हाडातल्या डेलियाकाकूंनी त्याला त्याच छताखाली, छतावरच्या चुन्याच्या नक्षीतल्या फुलापक्ष्यांच्या बरोबर खाली बसवलं.

"दूध?" त्यानं विचारलं.

"आज कोराच."

आमच्याकडे पाहुण्याला कोरा चहा देणं म्हणजे चक्क अपमान. पण तो मुकाट पिऊ लागला. इतक्यात वर व्हायोलिन सुरू झालं आणि धाडधाड पाय आपटू लागले.

"वर काय चाललंय?"

"नाच. हे घर बांधणाऱ्या लॉर्डसाहेबांनी तो मजला नाचायलाच तर बांधला होता. साठ जण आहेत, त्यात आमचा धिप्पाड खाटीक नोलनही आलाय."

तो ताडकन उठला. काकूंनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं आणि नाच संपेपर्यंत उठू दिलं नाही. मग कप त्याच्या नाकासमोर धरला.

"कोऱ्या चहात पांढरा कण लगेच दिसतो, साहेब. शोधा, किती चुना पडलाय. आणि तेवढाच धोका तुमच्या कागदावर लिहा."