शेडचे दिवे

बायबलवर हात ठेवून सांगते, शब्द न् शब्द खरा आहे!

आमच्या लेकाची कोंबड्यांची शेड आहे. कोंबड्यांनी झोपू नये, खात राहावं, म्हणून तिथे रात्रभर दिवे. काल जेवणाआधीची प्रार्थना झाली आणि नातीनं ताट सरकवलं.

"बाबा, बायबलात आहे ना, चिमणी पडली तरी देवाला दिसते. मग आपल्या कोंबड्या?"

"दिसणारच की, एवढे दिवे लावलेत," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

"मालवले तर वजन भरत नाही, बाळा. मग आपण खायचं काय?" लेकाचा घास हातातच राहिला. तो उठला, त्यानं दिवे मालवले, आणि कोंबड्या अशा घोरायला लागल्या की टेबलावरची ताटं हलली!



दिवे मालवले, एवढंच मी पदरचं घातलं. खिडकीतून अजून शेडचा उजेड येतोय.